तोंडातली चांदी

आमच्या दवाखान्याच्या महिन्याच्या अहवालात दातांसाठी दोनच रकाने होते. एक ‘दात काढले’ आणि दुसरा ‘इतर’. मी अर्धा तास घाम गाळून एखादी दाढ कोरायची, वाळवायची, भरायची, आणि ती जायची ‘इतर’मध्ये. तिच्या शेजारी तोंड आलं म्हणून जांभळं औषध लावून घेतलेला माणूस. दात वाचवणं हेही काम असतं, असं सरकारला वाटत नव्हतं. लोकांनाही वाटत नव्हतं. सरकारचं आणि लोकांचं इतकं एकमत मी पुढे कशावरच पाहिलं नाही.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. धानोऱ्याच्या पलीकडे, ज्याचं नाव मी सांगणार नाही अशा एका गावी, लहानशा सरकारी दवाखान्यात दातांची एक खुर्ची येऊन पडली होती. खुर्चीच्या मागून मी आले. बल्लारपूरच्या कागद कारखान्यातल्या कामगाराची मुलगी, नागपूरला शिकून दातांची डॉक्टर झालेली, घराण्यातली पहिली पदवीधर, आणि त्यामुळे मान जरा जास्तच ताठ असलेली. वीज तिच्या मर्जीने यायची, म्हणून ड्रिल मिळालं ते पायाने चालवायचं. शिलाई मशीन चालवावी तसं एका पायाने दाबत राहायचं आणि हाताने कोरायचं. संध्याकाळी पोटरीत गोळे यायचे. नागपूरच्या कॉलेजात ज्या यंत्रांवर शिकले, त्यांची नावंसुद्धा वर्षभरात विसरले.

लोक यायचे ते गाल टमाट्यासारखा सुजल्यावर. त्याआधी लवंग झालेली असायची, हिंग झालेलं असायचं, आणि सगळ्यावर गुडाखूचा लेप. गुडाखू म्हणजे तंबाखू आणि गुळाचा काळा लगदा. छोट्या डबीत मिळतो आणि बायका सकाळी उठल्या की बोटाने हिरड्यांवर घासत बसतात. त्याने दात साफ होतात, असं त्या म्हणायच्या. पुरुषांचा खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गालात ठेवायचा आणि डॉक्टरशी बोलताना तो एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचा. मी व्याख्यानं द्यायची. सकाळी घासा, झोपायच्या आधी घासा, कडुनिंबाची काडी असली तरी चालेल, पण घासा, चूळ भरा, गुडाखू सोडा. एकदा असं अर्धा तास बोलून झाल्यावर एका म्हाताऱ्याने फार काळजीने विचारलं, “रोज?”

दाढ वाचते, मी ती भरून देते, असं सांगितलं की समोरचा माणूस माझ्याकडे संशयाने पाहायचा. “काढून टाका न बाई. भरून काऊन राह्यल्या? आत धान पेरता का?” आणि बाजूचे हसायचे. दात काढला की निदान हातात काहीतरी मिळतं. रुमालात बांधून घरी नेता येतं. भरलेल्या दाताचं काय दाखवायचं? तो बाजाराच्या दिवशी झाडाखाली पकड घेऊन बसणारा माणूस माझ्याहून हुशार होता. तो फक्त काढायचा.

दवाखान्यातला शिपाई पन्नाशीचा होता. मी त्याला भाऊ म्हणायची. त्याचे स्वतःचे दात खर्ऱ्याने लालकाळे झालेले, पण माझी सगळी उपकरणं तो उकळून अशी मांडायचा की कॉलेजच्या बायांनी त्याच्याकडून शिकावं. एके दिवशी एक बैलबंडी हाकणारा माणूस खुर्चीत अर्धा कोरून झाल्यावर उठून चालायला लागला. म्हणाला, राहू द्या, बाजारात काढून घेतो. मी हात टेकले होते. भाऊ काचेच्या खलात माझं मिश्रण घोटत बसला होता. दाढ भरायला चांदीची भुकटी आणि पारा एकत्र घोटायचा, फडक्यात घालून पिळायचा, मग तो करकर आवाज करत दाढेत दाबून बसवायचा. भाऊने खलातला तो चकाकणारा गोळा बंडीवाल्याच्या नाकासमोर धरला.

“अबे, बस. बाई चांदी भरून राह्यली तुह्या दातात. सरकारी चांदी. फुकट.”

माणूस बसला. तोंड उघडलं ते माझा पाय दुखेपर्यंत उघडंच ठेवलं.

पुढच्या बाजाराला माझ्या दारात रांग होती.

आता माझ्या घराविषयी थोडं सांगायला हवं, म्हणजे माझा नीचपणा नीट कळेल. आमच्या घरात अंगारा, गंडा, दोरा काही चालत नसे. माझी आत्या विधवा झाली तेव्हा शेजारच्या बाया तिच्या हातातल्या बांगड्या उतरवायला आल्या. माझे वडील दारात उभे राहिले. छप्पन साली धर्म बदलला तो काय भिंतीवरचा फोटो बदलायला का, असं त्यांनी त्यांना विचारलं. आत्याच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या आणि आमची गल्ली वर्षभर त्यावर बोलत राहिली. मी अशा घरातली. लोकांच्या अडाणीपणाला नावं ठेवण्यात मी माझ्या वडिलांच्याही पुढे होते. आणि तरी मी भाऊला गप्प केलं नाही. उलट त्याच दिवसापासून मीही ‘चांदी’ म्हणायला लागले. स्वतःला समजावलं की खोटं कुठे आहे, भुकटीत चांदी असतेच की. अडाण्यांना अडाणीपणानेच बरं करावं, असंही एकदा मनात आलं आणि ते मला फार शहाणपणाचं वाटलं.

मग जो तमाशा झाला तो मी मजेत पाहिला. बाया चिंच आणि राखेने ती दाढ घासायला लागल्या, कारण चांदी अशीच उजळतात. म्हणजे दात घासा म्हणून माझा घसा कोरडा पडला तेव्हा कोणी दात घासले नाहीत, आणि चांदीसाठी घासायला लागल्या. एकाने बायकोची तुटकी अंगठी आणली, ही वितळवून दुसऱ्या दाढेत घाला म्हणाला. कीड नसलेल्या दाढा घेऊन लोक यायचे आणि मी नाही म्हटलं की रुसून जायचे. मी नागपूरच्या मैत्रिणींना पत्रात हे सगळं रंगवून लिहायची. त्या हसायच्या आणि मी आणखी रंगवायची.

त्या रांगेत एक तरणा गडी आपल्या बायकोला घेऊन आला. बांबू कटाईवर जाणारा माणूस, हातावर चिराच चिरा. तिच्या खालच्या उजव्या दाढेत खोल खड्डा होता. कडेवर वर्षाचीही नसेल अशी मुलगी. ती लाजून तोंडच उघडेना, आणि तो मात्र खुर्चीभोवती फिरत होता.

“लग्नात हिले चांदीचं काई घालता नाई आलं, बाई. जरा जास्त भरा.”

“दाढ आहे, धानाची कोठी नाही,” मी म्हटलं.

भरून झाल्यावर मी तिच्या हातात लहान आरसा दिला. तिने पाहिलं. मग त्याने तिच्या गालाला गाल लावून त्याच आरशात पाहिलं. “दिसते! दिसते!” असं ओरडला. ती हसायला लागली, मुलीला काय झालं ते कळेना म्हणून ती रडायला लागली. मी चिडून त्यांना बाहेर काढलं. बाहेर रांग होती.

पण खरं सांगायचं तर माझ्या सगळ्या नोकरीत ही एकच बाई माझं ऐकणारी भेटली. गुडाखू सोड म्हटलं, तिने डबी फेकली. मिठाच्या पाण्याने चूळ भर म्हटलं, भरली. भात चावून पोरीच्या तोंडात घालू नको म्हटलं. तिथल्या सगळ्या आया तसंच भरवायच्या. मी तिला सांगितलं की आईच्या तोंडातली कीड अशीच लेकराच्या तोंडात जाते. तिने तेही ऐकलं. दर चार-सहा महिन्यांनी बाजाराला आली की दारातून आत यायची, न सांगता खुर्चीत बसायची आणि आ करायची. दाढ ठणठणीत. मी मान हलवायची, ती उठून जायची. मला तिचा अभिमान वाटायचा. म्हणजे खरं तर माझाच.

दोन वर्षांनी तिचा नवरा गेला. पावसाळ्यात जंगलातून ताप घेऊन आला, ताप डोक्यात गेला, तीन दिवसांत संपला. मला हे कळलं ते तिची सासू तिला घेऊन आली तेव्हा. सुनेच्या हातात बांगडी नाही, पायात जोडवं नाही, कपाळ मोकळं. म्हातारीने तिला दंडाला धरून खुर्चीपाशी आणलं होतं.

“इच्या दातातली चांदी काढून द्या, बाई.”

मला आधी कळलंच नाही. मग म्हातारीने समजावून सांगितलं, जणू मीच अडाणी. नवऱ्याच्या नावाने अंगावर घातलेलं सगळं उतरवलं. ही एकच चांदी राहिली. रांडमुंड बाई नवऱ्याने घातलेली चांदी तोंडात घेऊन घरातला घास खाते, हे घराला चांगलं नाही. घरात अजून दोन पोरं आहेत. त्यांचं काही झालं तर कोण जबाबदार?

मी सुनेकडे पाहिलं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. पण तिने तोंड घट्ट मिटलं होतं, इतकं घट्ट की हनुवटीवर खड्डे पडले होते. तिला ती दाढ द्यायची नव्हती. हे कळायला डॉक्टर असण्याची गरज नव्हती.

माझ्या डोळ्यासमोर आत्याचे हात आले आणि माझं डोकं फिरलं. शांतपणे ‘ती चांदी आता निघत नाही, निघाली तर जबडा जाईल’ असं काहीतरी सांगून म्हातारीला वाटेला लावता आलं असतं. एवीतेवी मी खोटं बोलतच होते, आणखी एक बोलले असते. पण मला त्या दिवशी खरं बोलायचा झटका आला. माणसाला असा झटका नेमका चुकीच्या दिवशी येतो. मी बाटलीतला पारा काचेच्या बशीत ओतला आणि म्हातारीसमोर धरला. तो इकडून तिकडे पळत होता.

“कसली चांदी घेऊन बसलात? हे भरलंय तिच्या दाढेत. पारा आहे हा, पारा! काय काय म्हणून उतरवाल तिचं? घ्या, न्या घरी!”

म्हातारीने बशीकडे पाहिलं.

“धानात कीड मरायले टाकतात, तो पारा?”

“हो, तोच,” मी म्हटलं. जोरात म्हटलं.

खरं पूर्ण सांगायचं तर एकदा घोटून दाढेत घट्ट बसला की त्या पाऱ्याला कुणी भ्यायचं कारण नसतं, आणि भुकटीत चांदी असतेच. हे मला माहीत होतं. अर्धं सांगून मी थांबले, कारण अर्ध्यातच म्हातारीचा चेहरा पडला होता आणि तो पडलेला चेहरा मला गोड वाटला. तिने सुनेच्या दंडावरचा हात झटकन काढून घेतला, लुगड्याला पुसला, आणि चालू पडली. सून तिच्या मागे, चार पावलं अंतर ठेवून.

मी भाऊला म्हटलं, “पाहिलं? एका वाक्यात पळाली म्हातारी.”

भाऊ बशीतला पारा बाटलीत भरत होता. “पळाली खरी, बाई,” एवढंच म्हणाला.

पुढच्या बाजाराला रांग पुन्हा लागली, पण माझ्या दारात नाही. झाडाखालच्या पकडवाल्याकडे. बाई दातात जहर भरते, ही बातमी आजूबाजूच्या सगळ्या गावांत गेली होती. ज्यांनी चिंच लावून दाढा उजळल्या होत्या, त्या बाया पदराने तोंड झाकून पकडवाल्यासमोर बसल्या होत्या. काही माझ्याकडेही आल्या, काढून घ्यायला. मी ओरडले, समजावलं, बशी फेकली. उपयोग शून्य. माझं खोटं त्यांनी दोन वर्षं मानलं होतं, माझं अर्धं खरंही मानलं होतं, आता उरलेलं खरं मानायला त्यांना काही कारण दिसत नव्हतं. त्या महिन्यात आमच्या मोठ्या डॉक्टरांनी अहवाल पाहून माझं कौतुक केलं. ‘दात काढले’चा रकाना प्रथमच भरगच्च होता. आता तुम्ही कामाला लागलात, म्हणाले.

भाताची रोवणी संपली त्या सुमारास ती एकटी आली. दुपार होती, दवाखाना रिकामा. न सांगता खुर्चीत बसली, पण आ केला नाही.

“दाढ काढून टाका, बाई. पुरी.”

“का? दुखते?”

“दुखत नाई.” मग तिने सांगितलं. तिची थाळी वेगळी केली होती. पाण्याचा गुंड वेगळा. चुलीपाशी जायचं नाही. तेवढं असतं तर तिने सोसलं असतं. पण पोरीला तिच्याजवळ येऊ देत नव्हते. सासू पोरीला आपल्यापाशी घेऊन निजत होती. पोरगी आईकडे धावली की ओढून नेत होती, आणि आता पोरगी धावायचीही कमी झाली होती. “तुमीच म्हनलं होतं ना, बाई, आईच्या तोंडातलं लेकराच्या तोंडात जाते. मीच घरी सांगतलं होतं सगळ्याइले. आता तेच मले म्हनून राह्यले. जहर जाईन म्हनते.”

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं.

“मी येते तुझ्या घरी,” मी म्हटलं. “तुझ्या सासूला समजावते.”

“तुमी समजावलं, तेच तर झालं.” ती रागाने बोलली नाही. रागाने बोलली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, आतलं सगळं काढून पांढरं सिमेंट भरून देते, दाढ राहील. ती नको म्हणाली. पांढरं काय आहे, त्यातही काय घातलं, असं विचारतील. तोंडात बोट घालून पाहतील. दाढच हातात नेऊन दाखवली की बोलणं संपेल. पुरावा लागतो घरच्यांना, आणि पुरावा म्हणजे काय ते तिला माझ्याहून चांगलं कळत होतं.

मी भुलीची सुई दिली. पकड लावली. हिरडी कुजलेली दाढ हलत असते, लवकर सुटते. ही सुटेना, कारण ती निरोगी होती. मुळं जबड्यात पक्की धरून बसली होती आणि मला खुर्चीच्या पायावर पाय रोवून जोर लावावा लागला. दाढ निघाली तेव्हा मी ती बशीत ठेवून पाहिली. माझं काम होतं, मला पाहणं भाग होतं. भरलेल्या जागेच्या कडेला फट नाही, डाग नाही, नवी कीड नाही. इतकी छान भरलेली दाढ मी आधी भरली नव्हती आणि नंतरही नाही. आणखी तीस वर्षं चालली असती. मला तिथेच रडू आलं. तिच्यासमोर रडायची मला लाज वाटली म्हणून मी नळाकडे गेले, आणि नळाला पाणी नव्हतं.

कापूस दाबून धरलेल्या तोंडाने तिने हात पुढे केला. मी दाढ ओल्या बोळ्याने पुसून तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती उलटीपालटी केली, उजेडात धरली.

“बाई, खरं सांगा. चांदी होती ना यात? थोडी तरी?”

“होती,” मी म्हटलं. “तिसरा हिस्सा तरी चांदीच आहे. तुझ्या नवऱ्याने सांगितलं होतं म्हणून जरा जास्तच भरली होती मी.”

यातला पहिला भाग खरा होता. दुसरा तसा नव्हता, पण तो बोलल्याचा मला आजही पस्तावा नाही.

तिने दाढ पदराच्या टोकाला बांधली, दोनदा गाठ मारली आणि गाठ दातांनी ओढून घट्ट केली. डाव्या बाजूच्या दातांनी.

“मंग बरं झालं,” ती म्हणाली. “एकडाव दाखवतो घरी. मंग माह्यापाशीच ठेवतो. जहर हाय म्हनून कोनी हात नाई लावत याले.”